फ्लेक्सआडचा कळस

सिनेमातल्या माणसाला लागत नाही, यावर रेवणप्पा पोस्टमास्तरांची गाढ श्रद्धा होती. लोखंडी नळी पाठीत बसू द्या, तिसऱ्या मजल्यावरून काचेच्या तावदानासकट खाली पडू द्या, खांद्यात गोळी शिरू द्या. तो गडी नुसती मान इकडून तिकडे मोडतो, शर्टाची बाही दुमडतो आणि समोरच्या पन्नास गुंडांना एकेक करून भिरकावून देतो. दुपारचं जेवण झालं की रेवणप्पा टीव्हीसमोर मांडी घालून बसत आणि दक्षिणेकडून आलेले, हिंदी बोलायला शिकलेले मारामारीचे सिनेमे मनापासून पाहत. एकटा माणूस आणि समोर सगळी दुष्टाई. कोर्ट नाही, कचेरी नाही, अर्ज नाही, अर्जाची पोच नाही. एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसून शिक्के मारलेल्या माणसाला याहून मोठा मोक्ष कुठला?

त्यांच्या पत्नी शांतम्मा शेजारी बसून मेथी निवडत. त्यांचा आवाज मुळातच हळू. टीव्हीवर जीप उडत असताना तो ऐकू यायचं कारण नव्हतं, पण रेवणप्पांना नेमका यायचा.

"त्याच्या शर्टाची इस्त्री तरी मोडू द्या की."

"अगं, हीरो हाय तो."

"हीरो हाय म्हणून दुखंना का त्याला? मग दगडच घ्यायचा की सिनेमात. त्याला बी दुखत न्हाई."

बायकांना कलेतलं कळत नाही, असं रेवणप्पा मनात म्हणत. मोठ्यानं म्हणत नसत. ते शूर होते, अविचारी नव्हते.

तर एका बुधवारी सकाळी या घरावर दुष्टाई चालून आली. तीही वीस फूट लांब आणि पंधरा फूट उंच.

शांतम्मांचा एक नेम होता. पहाटे अंघोळ, मग तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि मग ओट्यावर येऊन पूर्वेकडच्या महादेवाच्या देवळाचा कळस पाहायचा. कळस दिसला, हात जोडले, की मग चहा, न्याहारी आणि साखरेच्या आजाराची गोळी. कळस दिसल्याशिवाय अन्न नाही. अकरा वर्षं हे चाललं होतं. गेल्या महिन्यात न्हाणीत पाय घसरून घोटा मोडला, पायाला प्लास्टर बसलं, तरी नेम चुकला नव्हता. पलंग ओट्यावर आणला होता, बस्स.

त्या बुधवारी शांतम्मांनी डोळे उघडले तर कळसाच्या जागी पुढारी योगीराज भाऊ.

चौकात एका बाजूला विजेचा खांब आणि दुसऱ्या बाजूला बांबू, असा तो फ्लेक्स ताणून बांधलेला होता. भाऊ खांबाला लागून उभे, काळ्या शर्टात, डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्यावर कुऱ्हाड. मागे आगीचा लोळ, लोळातून डरकाळी फोडणारा सिंह. वर अक्षरं: 'अन्यायाचा कर्दनकाळ, शनिवारी वाढदिवस'. खाली बेचाळीस शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. ताडकळसच्या बाजाराला जाणाऱ्या त्या लहानशा गावात एवढे शुभेच्छुक आहेत, हे गावालाही त्याच दिवशी कळलं.

"दिसंना," शांतम्मा म्हणाल्या.

"काय दिसंना?"

"महादेव."

रेवणप्पांनी फ्लेक्सकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. चुलीवरच्या चहाकडे पाहिलं. आणि शर्टाची बाही दुमडली.

पहिला उपाय साधा होता. गल्लीच्या तोंडाशी गेलं की कळस दिसायचा. शांतम्मांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिथवर न्यायचं. पुढून रेवणप्पा, मागून शेजारचे दत्तराव. दत्तराव हे सल्ल्याचे घाऊक व्यापारी. खुर्ची उचलायच्या आधीच त्यांनी कुठून धरावं, कुठला पाय पुढं टाकावा आणि कंबर कशी सांभाळावी हे सांगितलं, आणि तिसऱ्या पावलाला स्वतःची कंबर धरून खाली बसले. मग सगुणाबाई आल्या. सगुणाबाईंचं घर समोरचं, आणि काळजी सगळ्या गावाची.

"शांतम्मा, कुठं निघालाव वं? दवाखान्यात का? काय झालं? लय सिरियस हाय का?"

त्यांच्या ओरडण्यानं दारामागून दार उघडलं. बाया पदर डोक्यावर घेत बाहेर आल्या. दोघींनी डोळे पुसले. त्यांच्याच हातभारानं खुर्ची गल्लीच्या तोंडाशी पोचली, कळस दिसला, शांतम्मांनी हात जोडले आणि त्याच क्षणी खुर्चीचा मागचा पाय फाकला. प्लास्टर जमिनीवर आपटलं. डॉक्टरांनी फोनवरून झापलं: आता हा पाय हलला तर हाड पुन्हा बसवावं लागेल.

घरी पलंगावर टेकल्यावर शांतम्मा शांतपणे म्हणाल्या, "माझी अशी वरात पुन्हा काढू नका. मी इथूनच बघीन. न्हाई दिसला तर न्हाई."

यातला 'नाही दिसला तर नाही' याचा अर्थ रेवणप्पांना पुरता माहीत होता. ही बाई कधी भांडत नाही, आदळआपट करत नाही. नुसती जेवत नाही.

गुरुवारी रेवणप्पा सायकल काढून ग्रामपंचायतीत गेले. ग्रामसेवक सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि खांब आपला नसल्याचं सांगितलं. खांब वीजवाल्यांचा. वीजवाले म्हणाले खांब आमचा, पण खांबाला बांधलेलं कापड आमचं नाही. कापड ज्या रस्त्यावर लोंबतं तो रस्ता बांधकाम खात्याचा. बांधकामवाल्या साहेबांनी रस्ता आमचाच असल्याचं मोठ्या मनानं कबूल केलं, पण रस्ता जमिनीवर असतो, आणि फ्लेक्स हवेत आहे.

"मग हवा कुणाची?" रेवणप्पांनी विचारलं.

साहेबांनी याची नोंद घेतली. अर्ज द्या म्हणाले. एकतीस वर्षं ज्याच्या खिडकीसमोर सगळं गाव रांगेत उभं राहिलं, तो पोस्टमास्तर अर्ज हातात धरून तीन खिडक्यांसमोर उभा राहिला, आणि तिसऱ्या खिडकीत त्याला डिंक घरून आणायला सांगण्यात आलं. हा घाव मात्र कुठल्याच हीरोला झालेला नसेल.

भाऊंना फोन लावावा, तर फोन कुणी दुसराच उचलायचा. "भाऊ मीटिंगमधी हायेत." सकाळी मीटिंग, दुपारी मीटिंग. चौथ्या वेळी मागं कोंबडा आरवला, तरी मीटिंगच.

घरी येऊन पाहतात तर अडीच वाजलेले आणि शांतम्मा जपमाळ ओढत उपाशी. रेवणप्पांनी देवळाकडे जाऊन मोबाईलवर कळसाचा फोटो काढून आणला. छान आला होता, पारव्यासकट.

"हे बघ. झालं की दर्शन."

शांतम्मांनी फोटो कौतुकानं पाहिला. "चांगला हाय. आता ह्याच्यातच भाकरीचा बी फोटो काढा, तो खाते."

चार वाजता वारं सुटलं. फ्लेक्सची खालची कड बेचाळीस शुभेच्छुकांसकट वर उचलली गेली, आणि क्षणभर, एकच क्षण, पलीकडे कळस चमकला. शांतम्मांचे हात जोडलेलेच होते. त्या जेवल्या.

शुक्रवारी सकाळपासून रेवणप्पा अंगणात बोट ओलं करून उभे. कापसाच्या रानात औषध फवारणारे वारा पडायची वाट बघत होते, आणि वारा सुटावा म्हणून देवाला साकडं घालणारा उभ्या गावात हा एकटाच माणूस. झाडाचं पान हलेना. शेवटी त्यांनी कपाटाचा आरसा काढला. दत्तरावांच्या गच्चीवरून कळस दिसतो. तिथं आरसा नीट तिरपा धरला, तर कळस ओट्यावर दिसायलाच पाहिजे. तर्कात कुठेही खोट नव्हती. दत्तराव आरसा धरायला कबूल झाले आणि त्यांनी तो कठड्याला टेकवून ठेवला.

"दिसला का?" रेवणप्पांनी खालून विचारलं.

शांतम्मांनी आरशात पाहिलं आणि झटकन पदर तोंडावर घेतला. आरशात महादेव नव्हते. गच्चीवर टाकीपाशी उघड्या अंगानं, भरपूर साबण लावून, दत्तराव अंघोळीला बसलेले होते.

दत्तरावांनी आरसा घाईघाईनं फिरवला, तर त्याचा कवडसा सगुणाबाईंच्या म्हशीच्या डोळ्यांत गेला. म्हैस दावं तोडून थेट त्यांच्या पापडांवर. चार बाजांवरचे उडदाचे पापड, आणि त्यातून आरपार म्हैस. सगुणाबाई जे बोलल्या ते लिहिण्यासारखं नाही. त्यात पोस्ट खात्याचाही उल्लेख होता.

आणि वारा आला तो संध्याकाळी साडेपाचला. तोवर शांतम्मांचे हात थरथरू लागले होते. पाण्याचा पेला तोंडाशी नेता नेता हातातून सुटला आणि कपाळावर घाम डवरला. रेवणप्पांनी हात धरून पाहिला तर गार. कळस दिसला, पहिला घास पोटात गेला, रंग हळूहळू परत आला, तरी रेवणप्पांनी तो हात बराच वेळ सोडला नाही.

"उद्या वारा न्हाई आला तर?" ते म्हणाले.

"त्याची मर्जी."

"तू खाऊन घे की. महादेव समजून घील."

"त्यो समजून घील हो. माझं मला समजंल का?"

रेवणप्पा उठले. अंगणात जाऊन त्यांनी फ्लेक्सवरच्या भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी काळ्या चष्म्यातून त्यांच्याकडे पाहिलं. आता अर्ज संपले होते.

"आप्पा, फाडू नका," दत्तराव भिंतीपलीकडून म्हणाले. सकाळपासून ते तोंड लपवून होते, पण सल्ला द्यायची वेळ आली की त्यांना राहवत नसे. "फाडला की केस हुती. पण एक सांगू का? फ्लेक्सला वाऱ्यासाठी अर्धचंद्रासारखी भोकं पाडायचा रिवाज हाय. न्हाई पाडली तर बांबूसकट उडतो. ह्यानं पाडलीच न्हाईत. तुमी पाडली तर उलट उपकार. फकस्त खालच्या रांगेत डावीकडून सहावा फोटू माझा हाय. तेवढा सोडून कापा."

शनिवारी उजाडता उजाडता रेवणप्पांनी तयारी केली. देवळातली शिडी आणली. विळ्याला धार लावली. सिनेमातल्यासारखा काळा रुमाल नाकावरून बांधला, म्हणजे ओळख पटायला नको. कपाळावर मात्र पूजेनंतरचे विभूतीचे तीन रुंद पट्टे होते आणि शिडीला टेकवून ठेवलेली सायकल एकतीस वर्षं सगळ्या गावानं पोस्टाच्या दारात उभी पाहिली होती. रुमाल बांधल्यापासून तीन माणसं भेटली. तिघांनीही "शरणार्थ आप्पा" म्हणत नमस्कार केला.

भोक नेमकं कुठे पाडायचं, याचाही विचार झालेला होता. सूर्य देवळामागून वर येत होता आणि कळसाची सावली फ्लेक्सवर, बरोबर भाऊंच्या उजव्या कानावर पडली होती. रेवणप्पा खांबाला शिडी लावून चढले आणि कान कापला.

"दिसला का?"

"पाण्याची टाकी दिसायलीय," ओट्यावरून आवाज आला.

सूर्याचा डोळा आणि बायकोचा डोळा एका जागी नसतो, हे पोस्टमास्तरांच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी अंदाजानं खाली सरकून भाऊंच्या मनगटावरचं घड्याळ कापलं.

"आता?"

"सगुणाबाईची लुगडी."

रेवणप्पा शिडीवर घामाघूम होऊन थांबले. खाली चार माणसं जमली होती, त्यात दोघं दाढी करता करता उठून आलेले. एकटा लढणारा माणूस या प्रसंगी काय करतो, हे त्यांना आठवेना. सिनेमात भोक कुठं पाडायचं हा प्रश्नच कधी येत नाही.

"अवं," शांतम्मांनी हाक मारली. सगळा चौक गप्प झाला, कारण त्याशिवाय ऐकू आलं नसतं. "वर खांबाला चिनीमातीची भांडी हायेत बगा. त्यातल्या दुसऱ्या भांड्याच्या नीट खाली चार हात आन् मग वीतभर डावीकडं. तिथं असतो कळस. अकरा वर्षं बघायले मी."

"मग आधी का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलंच कवा?"

ती जागा भाऊंच्या छातीवर, डाव्या बाजूला येत होती. रेवणप्पांनी विळा टेकवला आणि अर्धगोल ओढायला घेतला. अर्धा झाला असेल नसेल, तेवढ्यात चौकात दोन मोठ्या गाड्या थांबल्या. हार, ढोल, बारा-पंधरा पोरं, आणि मधे देवदर्शनाला निघालेले प्रत्यक्ष योगीराज भाऊ. फ्लेक्सवरच्यापेक्षा बरेच बुटके, गळ्याला मफलर, कानात कापूस. पडसं झालेलं.

"ए! कोण हाय रे वर?" एक पोरगा ओरडला.

रेवणप्पांनी यासाठी एक वाक्य घोकून ठेवलं होतं. त्यात अन्याय होता, आग होती, मातीही होती. ते शिडीवर वळले, रुमाल खाली ओढला आणि म्हणाले, "शरणार्थ भाऊ. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

आणि वळताना पाय सटकला.

चार पायऱ्या ते शिडीवरून घासत आले, उरलेल्या हवेतून. गुडघा फुटला, बाही खांद्यापासून उसवली, विळ्यानं तळहात चिरला. दुखलं. अतोनात दुखलं. इतक्या वर्षांत एवढे सिनेमे पाहिले, पण असं काही होतं हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या तोंडून "अगं आई गं" एवढंच निघालं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते सगळ्या चौकानं पाहिलं.

पोरं शिव्या देत भोवती गोळा झाली. "भाऊंच्या छातीत भोक पाडायला का? वाढदिवसाला?"

रेवणप्पा उठले. मान इकडून तिकडे मोडता आली नाही, कारण ती लचकली होती. त्यांनी विळा शोधून उचलला. पोरं दोन पावलं मागं सरली. पण रेवणप्पांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लंगडत शिडीपाशी गेले आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

"भाऊ, हे म्हातारं परत चढायलंय!"

"मला मारायचं तर मागून मारा," रेवणप्पा म्हणाले. आवाज हलत होता, पाय हलत होते, शिडीही हलत होती. "केस करायची तर करा. पण चार बोटं कापायची राहिलीत, तेवढी आधी कापू द्या. बायको उपाशी हाय माझी."

ढोल थांबला. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग त्यांची नजर जिकडे वळत होती तिकडे. ओट्यावर प्लास्टर घातलेला पाय लांब करून एक बाई बसली होती, आणि नवऱ्याच्या हाताचं रक्त बघून तिनं पलंगाची कड घट्ट धरली होती.

"काय झालं, आजी?" भाऊ ओट्यापाशी आले.

शांतम्मांनी सांगितलं. हळू, थोडक्यात, आणि कुणाचं नाव न घेता. तुझा फ्लेक्स असं त्या म्हणाल्या नाहीत. मधे कापड आलंय, एवढंच म्हणाल्या. भाऊ त्यांच्या शेजारी पलंगावर बसले आणि त्यांच्या डोळ्यांनी बघू लागले. कान कापलेला, घड्याळ फुटलेलं, छातीवर अर्धवट कातडं लोंबतंय असा योगीराज भाऊ त्यांना पहिल्यांदाच दिसला. त्यांनी मफलर नाकाशी धरला. मग शिंकले.

बारा मोबाईल त्यांच्यावर रोखलेले होते. "आप्पा, खाली या," भाऊ म्हणाले. "हे काम मी सोता करतो."

पोरांनी शिट्ट्या मारल्या. भाऊ मफलर सोडून शिडीवर चढले. पहिल्या पाच पायऱ्या अगदी फ्लेक्सवर दाखवल्याप्रमाणे. सहाव्या पायरीवर त्यांनी खाली पाहिलं. मग त्यांनी शिडीला मिठी मारली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"भाऊ, काय झालं?"

"काय न्हाई," वरून बारीक आवाज आला. "जरा... उंच हाय."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. कुणी मोबाईल खाली घेतला, कुणी नाही घेतला. रेवणप्पांनी तळहाताला पंच्याचं फडकं गुंडाळलं आणि कुणाला न विचारता शिडीवर चढले. भाऊंच्या पाठीमागं येऊन दोन्ही बाजूंनी शिडी धरली, म्हणजे भाऊ पडले तर त्यांच्या अंगावरच पडावेत.

"खाली बघू नका. मी हाय मागं. आता एक पायरी. फकस्त एक. मला बी भ्याव वाटायलंय, काय हरकत न्हाई. हं, आता दुसरी."

असं एकेक करत दोघं छातीपर्यंत पोचले. भाऊंनी डोळे मिटलेलेच ठेवले. हात भाऊंचा, हातावर हात रेवणप्पांचा, आणि विळा भाऊंच्याच छातीवरून सरकत गेला. शेवटचा दोरा तुटला आणि भाकरीएवढा तुकडा तरंगत खाली आला.

ओट्यावरून काही आवाज आला नाही. रेवणप्पांनी मान वळवायचा प्रयत्न केला, वळेना.

"दिसला का गं?"

मग खालून सगुणाबाईच ओरडल्या, "दिसला वं आप्पा! हात जोडलेत तिनं! रडायलीय!"

शांतम्मांनी हात खाली घेतले, डोळे पुसले आणि न्याहारी मागितली. सगुणाबाईंनी कालच्या पापडांचं सगळं विसरून घाईनं सुशीला केला. भिजवलेले मुरमुरे, शेंगदाणे, फोडणीत कढीपत्ता. शांतम्मांनी चार घास नीट चावून खाल्ले, गोळी घेतली, पाणी प्यायल्या. हात आता थरथरत नव्हता. मग त्यांनी चौकाकडे पाहिलं. दोघंही अजून वरच होते. भाऊंना खाली येणं जमत नव्हतं, आणि भाऊ आल्याशिवाय आप्पांना सोडता येत नव्हतं. पोरांचं गाडीतला दोर आणायचा की तालुक्याहून माणसं बोलवायची यावर वाद चालला होता. दत्तराव दोन्ही बाजूंना सल्ला देत होते.

शांतम्मांनी दुसरी ताटली भरली. "हे वर पाठवा. त्यांनी बी सकाळपासून काय खाल्लं न्हाई."

ताटली हातोहात शिडीवर चढली. रेवणप्पांनी कोपरानं शिडी धरली, फडकं बांधलेल्या हातानं घास केला आणि पुढं झुकून भाऊंच्या तोंडाशी नेला. भाऊंनी डोळे न उघडता वास घेतला.

"आप्पा," ते कानात कुजबुजावं तसं म्हणाले, "मिरची तेवढी काढा. मला सोसत न्हाई."